आधी भुसा दाखवा

धुरपतमावशीच्या दुकानात भुसा घेतल्याशिवाय गेलेल्या माणसाला ती दारातूनच परत पाठवते. मग तो सरपंच असो, फॉरेस्टचा साहेब असो नाहीतर माझ्यासारखा वायरमन.

मुदखेडला स्टेशन रोडवर तिचं पत्र्याचं दुकान आहे. झाडं कापायच्या चेनसॉ मशीनला आमच्याकडे सगळे 'कटर' म्हणतात. त्या कटरच्या चेनला धार लावून देणं हा मावशीचा धंदा. बोर्डावर फक्त 'धार' एवढंच लिहिलंय. पूर्वी पुढे आणखी एक शब्द होता म्हणे, तो उन्हानं उडाला. मावशीनं तो परत रंगवला नाही. म्हणते, "धार म्हटल्यावर झालं की. फुडं काय लिवायचं, गंगेची?"

मी वीज कंपनीत आहे. पावसाळ्याच्या तोंडावर तारांवर आलेल्या फांद्या छाटायचं काम आमच्याकडे असतं. आधी कोयते-कुऱ्हाडी होत्या, मग ऑफिसात दोन कटर आले. आम्हाला फार आनंद झाला. तो आठ दिवस टिकला. नवव्या दिवशी दोन्ही कटर लाकूड सोडून नुसताच धूर काढायला लागले. माझा जोडीदार सय्यदभाई म्हणाला, "मावशीकडे घेऊन जा. लेकिन संभालके. बुढ्ढी सवाल बहुत करती."

मी गेलो. एका ओंडक्यावर बसून मावशी कानस चालवत होती. साठीच्या पुढची, काटकुळी, चष्म्याच्या एका काडीच्या जागी काळा दोरा. वर न बघताच तिनं हात पुढे केला.

"भुसा?"

"कसला भुसा?"

"झाड कापल्यावर खाली पडतो त्यो. का तुमची मशीन हवा कापती?"

"मावशी, मी चेनला धार लावायला आणलीय."

"ते दिसून राहिलं मला. पन कशानं बोथट झाली ते चेन सांगत नसती, भुसा सांगतो. जा, घेऊन ये."

मी बारा किलोमीटर परत गेलो. कडुलिंबाच्या बुंध्यापाशी उकिडवा बसून वर्तमानपत्राच्या कागदात भुसा गोळा केला. रस्त्यानं जाणारी माणसं थांबून बघत होती. एकानं विचारलं, "काय हरवलं का साहेब?" मी पुडी बांधून खिशात घातली.

मावशीनं पुडी उघडली आणि चिमटीत धरून बोटांनी चोळली. "हे पीठ हाय," ती म्हणाली. "ह्याच्या भाकऱ्या होतील. धार असती तर शेवया पडल्या असत्या. शेवया पडल्या की समजायचं, चेन लाकूड खाऊन राहिली. पीठ पडलं की समजायचं, नुसती घासून राहिली." मग ती पुडी घेऊन उठली आणि दुकानामागच्या खोलीत गेली. दाराला जुन्या साडीचा पडदा होता. पाच मिनिटांनी बाहेर आली आणि म्हणाली, "वाळला लिंब. मुळापाशी माती लागलेली. मातीत घातलीस का न्हाई चेन? खरं सांग."

मी खरं सांगितलं.

हा पडद्याआड जायचा प्रकार कधीच चुकायचा नाही. गिऱ्हाईक कोणी असो, पुडी आत जायची, थोडा वेळ जायचा आणि मग निकाल बाहेर यायचा. गावात यावर दोन मतं होती. समोरच्या हॉटेलवाल्याचं म्हणणं, आत देव्हारा आहे आणि मावशी देवाला कौल लावते. सय्यदभाई म्हणायचा, "छोडो जी, अंदर खुर्दबीन है." म्हणजे सूक्ष्मदर्शक. मी बारावी सायन्सला नापास झालेला माणूस, त्यामुळे माझा कल सय्यदभाईकडे.

हळूहळू माझ्या फेऱ्या वाढल्या आणि मावशीची शाळा सुरू झाली. तिची सगळी विद्या स्वयंपाकघरातली. कानस दाताला किती तिरकी धरायची, हे मी एकदा विचारलं. ती म्हणाली, "भाकरीचे चार तुकडे कर. एका तुकड्याचे तीन वाटे कर. त्यातला एक वाटा म्हंजे कानशीचा कल. ओल्या लाकडाला तेवढा पुरा ठेवायचा. बाभूळ वाळलेली असली तर त्यातला एक घास कमी करायचा. आन फळ्या पाडायच्या असल्या तर त्या वाट्याचे परत तीन वाटे, त्यातला एक." घरी आल्यावर मी बायकोच्या कंपासपेटीतला कोनमापक काढून भाकरीवर ठेवून बघितला. बायको प्राथमिक शाळेत शिक्षिका आहे. तिनं काहीच विचारलं नाही, पण भाकरी बदलून दिली.

चेनच्या प्रत्येक दाताच्या पुढे एक लहानसा उंचवटा असतो. दात लाकडात किती खोल शिरेल ते तो ठरवतो. मावशी त्याला 'सासू' म्हणायची, दाताला 'सून'.

"सासू जरा वाकली की सून मोठा घास घेती. आंबा असला, सुबाभूळ असली, लाकूड मऊ असलं, तर सासूला थोडं घासून खाली बसवायचं. सून खुशीत जेवती. पन चिंच, बाभूळ, वाळलं खोड असलं, तर सासू ताठच पाहिजे. न्हाईतर सून घास घेती मोठा, त्यो गळ्यात अडकतो, आन मशीन उसळून मानसाच्या अंगावर येती."

"मावशी, तुमची सासू कशी होती?"

"ताठ," ती म्हणाली. "म्हनून तर टिकले मी."

भिंतीवर खिळ्यांना चेन लटकलेल्या असायच्या. काहींच्या दाताचा कोपरा चौकोनी, टोकदार. त्या ओल्या, स्वच्छ लाकडासाठी. काहींच्या दाताचा खांदा गोल. त्या पडलेल्या, मातीत लोळलेल्या, वाळलेल्या झाडांसाठी. त्यांची धार सावकाश कापते, पण लवकर मरत नाही. आमचे जाधवसाहेब, म्हणजे कंपनीचे इंजिनियर, एकदा स्वतः नांदेडहून महागाची नवीकोरी चेन घेऊन आले आणि मावशीला दाखवायला गेले. मावशीनं विचारलं, "कोनत्या लाकडाला घेतली?" साहेब म्हणाले, "लाकूड म्हणजे लाकूड हो." मावशीनं चष्मा काढला, पुसला, परत लावला आणि साहेबांकडे असं बघितलं, की साहेब मुकाट्यानं बाहेर जाऊन जीपमध्ये बसले.

ती धार लावायला सुरुवात करायची त्या दाताला कुंकवाचा ठिपका लावायची. पूजा वाटून एकदा मी हात जोडले. "हात कामून जोडतो?" ती खेकसली. "कुठून सुरुवात केली ते ध्यानात राहावं म्हनून लावलं. तीन घासा म्हंजे सगळ्यांस्नी तीन. एकाला चार, एकाला दोन असा दुजाभाव केला की मशीन वाकडी कापती." आणि कानस फक्त पुढे ढकलायची. मागे ओढली की ती हातातून काढून घ्यायची. माझ्याकडून दोनदा काढून घेतली.

एकदा मी लबाडी केली. भुसा आणायचा विसरलो होतो, म्हणून वाटेतल्या सुताराच्या दुकानातून मूठभर उचलला. मावशी पुडी घेऊन आत गेली. या वेळी जरा जास्तच वेळ लागला. आतून कुणीतरी हसल्यासारखा आवाज आला. मावशी बाहेर आली ती पदर तोंडाला लावून.

"सागवान हाय. रंध्यानं काढलेलं. सुताराकडून उचललंस. तुमच्या साहेबानं सागवानाच्या पाटावरून तारा नेल्या का?"

त्या दिवशी सय्यदभाईची खुर्दबीन माझ्या डोक्यातून गेली. खुर्दबीन हसत नाही.

मग मे महिन्यात ते वादळ आलं.

दुपारी तीनच्या सुमाराला वारं सुटलं आणि पाठोपाठ पाऊस. अर्ध्या तासात भोकर रोडच्या बाजूचे कितीतरी खांब आडवे झाले. आम्ही निघालो तारा बघायला. पण एका वाडीवर लोकांनी जीपच अडवली. जुनी चिंच एका घरावर पडली होती. पत्रे खाली बसले होते, समोरची भिंत पोटासारखी पुढे आली होती आणि एक मोठी फांदी बरोबर दारात येऊन बसली होती. आत बाळंतपणाला माहेरी आलेली लेक होती, रंजना नावाची, आणि तिची आई. खिडकीच्या गजांतून आईचा हात दिसत होता. बाहेर रंजनाचे वडील नुसतेच उभे. मी विचारलं तर म्हणाले, "दिवस भरले हायेत तिचे." पुन्हा पुन्हा तेवढंच.

बोलावलेला जेसीबी काळ्या मातीत चाकांपर्यंत रुतून बसला होता. तसाही झाड ओढलं असतं तर भिंत आत गेली असती. फांदी मुख्य खोडापासून कापून, तुकडे करूनच काढायला हवी होती. आम्ही कटर लावला. दहा मिनिटांत पहिली चेन मेली. चिखलामुळे असेल म्हणून जागा धुऊन दुसरा लावला. तो चार बोटं आत गेला आणि धूर काढायला लागला. साहेबांच्या शर्टाला घामानं रंग उरला नव्हता. भुसा गोळा करायची मला आता सवयच लागली होती. मी मूठभर कागदात बांधला, कटर सय्यदभाईच्या मांडीवर दिले आणि आम्ही मोटारसायकलवर मुदखेड गाठलं.

मावशीनं मी काय सांगतो ते पुरतं ऐकूनही घेतलं नाही. पुडी घेतली, पडद्याकडे वळली आणि थांबली. लाइन आम्हीच बंद केलेली, खोलीत अंधार.

"लाईट घालवलीत न्हवं तुम्ही? मग चल आत. मोबाईल धर."

मी आत गेलो. देव्हारा नव्हता, खुर्दबीन नव्हती. लोखंडी पलंगावर एक माणूस पडलेला होता. रुंद छातीचा, पांढऱ्या दाढीचा. उजवा हात उशीवर ठेवून दिल्यासारखा निश्चल. मोबाईलचा उजेड पडताच त्यानं तोंड भिंतीकडे फिरवलं.

"लाजायला वेळ न्हाई," मावशी म्हणाली. "पोरगी अडकून पडली आत. दिवस भरलेली."

ते हळूच वळले. हे नागोराव, मावशीचे मालक. त्यांचं नाव मी ऐकलं होतं. एकेकाळी या भागातले सगळ्यात पक्के झाडतोडे. झाड पडायच्या आधी त्यांनी दिलेली आरोळी दुसऱ्या गावात ऐकू जायची म्हणत. पाच वर्षांपूर्वी लकवा मारला. बरेच दिवस दिसले नाहीत, तेव्हा ते लेकीकडे हैदराबादला गेले असं कुणीतरी सांगितलं होतं आणि आम्ही सगळ्यांनी ते खरं मानलं होतं.

मावशीनं त्यांच्या डाव्या तळहातावर भुसा ठेवला. त्यांनी तो अंगठ्यानं चोळला, नाकाशी नेला, जिभेला लावला. मग काहीतरी बोलले. मला फक्त घोगरा आवाज कळला.

"चिंच म्हनतेत," मावशी म्हणाली. "बाहेरून ओली, गाभा वाळला." ते परत बोलले. या वेळी मावशी चमकली. "काय? लोखंड?" तिनं मोबाईल माझ्या हातातून घेऊन भुशावर धरला. भुसा निळसर काळा दिसत होता. आम्हाला तो चिखल वाटला होता.

"चिंचेच्या पोटात लोखंड असलं की भुसा असा निळा पडतो म्हनतेत. किती उंचीवरचं कापून राहिलाव?"

"बुंध्यापासून छातीएवढ्या अंतरावर."

नागोरावांनी डाव्या हाताच्या बोटांचं कडं करून दाखवलं. बैल बांधायची कडी. कधीकाळी कुणीतरी ठोकलेली, पुढे झाडानं पोटात घेतलेली. मग बोटानं हवेत रेघ मारली आणि ती लांब सरकवली.

"तिथून दोन हात शेंड्याकडं सरका. तिथं घाला," मावशी म्हणाली.

बाहेर येऊन तिनं गोल खांद्याच्या दोन चेन उतरवल्या. एकीवर कानस फिरवायला लागली. दुकानात फक्त तो आवाज. पाचसहा दात झाले असतील, आतून पलंगावर टकटक झाली. मावशी एक दात मागे गेली, त्याच्यावर आणखी एकदा कानस ढकलली आणि पुढे निघाली. आवाजावरून त्यांनी तो दात पकडला होता.

"सासूला हात लावायचा न्हाई आज," ती स्वतःशीच म्हणाली. मग कानशींची पिशवी काखेत मारून उभी राहिली. "सय्यद, तू इथं बस, ह्यांच्यापाशी. मी येते."

सय्यदभाई आत बघत होता. तो "जी मावशी" म्हणाला आणि चपला काढून पडद्याआड गेला.

वाडीवर पोचल्यावर मावशीनं पहिल्यांदा जाधवसाहेबांना झाडलं. "साहेब, पाय काढा तिथून. फांदी पडंल त्या बाजूला उभं ऱ्हातेत का कुनी?" साहेब टुणकन बाजूला झाले. मी दोन हात सरकून मशीन लावली. आधी काहीच वेगळं वाटलं नाही. मग बाजूनं शेवया उडायला लागल्या, लालसर, लांब. मला इतका आनंद झाला की मी मावशीकडे बघितलं. ती ओरडली, "माझ्याकडं काय बघतो, लाकडाकडं बघ!"

सूर्य मावळायच्या आत फांदीचे पाच तुकडे झाले होते. मधे दोनदा मावशीनं चेन काढून मांडीवर घेऊन धार दिली. शेवटचा तुकडा बारा जणांनी ढकलला आणि दार उघडलं. आधी आई आली. मग भिंत धरून रंजना. तिच्या केसांत माती होती. ती नुसती बघत होती, कुणाशी बोलत नव्हती. वडील तिच्या पायांपाशी बसले. मावशी तिच्याजवळ गेली, दोन्ही हातांनी तिचं तोंड पुसलं आणि म्हणाली, "रड की माय. रड जरा. आता काय भ्यायचं राहिलं न्हाई." तेव्हा ती रडली.

चार दिवसांनी लाइनी जोडून झाल्यावर मी दुकानात गेलो. मावशी नेहमीसारखी कानस चालवत होती.

"मावशी, काकांनी कमाल केली. एवढी वर्षं लोक तुम्हाला हुशार समजतात आणि सगळं सांगणारे ते."

कानस थांबली नाही. "व्हय का?" ती म्हणाली. "तीस वर्सं त्यांच्या मागं भाकरी घेऊन रानात हिंडले मी. मला वास येत न्हाई? चिंच हाय ते पुडी हातात घेतली तवाच कळलं होतं. तुझं सागवान बी."

"मग आत कशाला नेता प्रत्येक वेळी?"

तिनं दाताला फुंकर मारली.

"लकवा मारल्यावर मानसं भेटाया येऊ लागली. बहिऱ्याशी बोलावं तसं मोठ्यानं बोलायची. एकानं त्यांच्यासारखं बोलून बी दाखवलं, मस्करी म्हनून. त्या दिसापासून म्हनाले, कुनाला आत आनायचं न्हाई. पडून ऱ्हायचे छताकडं बघत. जेवायचे न्हाईत." तिनं कानस बाजूला ठेवली. "मानसाला कुनीतरी काहीतरी इचारलं पाहिजे की रे दिवसातून. मग मी इचारू लागले. पहिल्या दिवशी लिंबाचा भुसा नेला. म्हनलं, मला काय कळंना, तुमी बघा. त्या दिवशी दोन भाकरी खाल्ल्या."

मी पडद्याकडे बघितलं.

"पन एक सांगते," ती एकदम म्हणाली आणि पहिल्यांदाच माझ्याकडे नीट बघून हसली. "लोखंडाचं मला न्हाई कळलं. आईशपथ न्हाई कळलं. मी आपली इतकी वर्सं समजून राहिले, मीच त्यांस्नी जगायला मदत करून राहिले. आन ते मला अजून शिकवून राहिलेत."

आतून घोगरा आवाज आला. मावशीनं मला मानेनंच खूण केली, जा. मी आत गेलो. पलंगाशेजारी एक प्लास्टिकची खुर्ची आली होती. सय्यदभाई रोज ड्यूटी संपली की येऊन बसतो, हे मला तेव्हा कळलं. नागोरावांनी मला डोळ्यांनी बसायला सांगितलं. मग त्यांनी विचारलं. शब्द अर्धवट, अर्धा ओठातच राहिलेला.

मावशी दारात आली होती, त्यांचं म्हणणं मला उलगडून सांगायला.

"रंजनाला पोरगी झाली," मी म्हणालो. "काल सकाळी. तीन किलोची. दोघी बऱ्या आहेत."

मावशीनं उघडलेलं तोंड तसंच मिटलं. नागोराव माझ्याकडे बघत राहिले, मग डाव्या हातानं त्यांनी माझा गुडघा दोनदा थोपटला आणि पुढचं विचारलं. घर परत कुठं बांधणार ती माणसं? बाकीच्या खोडाचं काय केलं? एक-दोन शब्द मला परत विचारावे लागले. त्यांनी ते न चिडता परत सांगितले.

मावशी थोडा वेळ तिथेच उभी होती. मग म्हणाली, "बसा तुमी बोलत. मी च्या टाकते." आणि गेली.